पावती असलेले शेजारी : इंदूरच्या एका वाड्याचे प्रकरण

राजवाड्यापासून पायी सात-आठ मिनिटांवर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि पंढरीनाथाचे देऊळ यांच्या मधल्या जुन्या वस्तीत एक वाडा आहे. तो रिकामा करवून घेण्याच्या प्रयत्नांना तिथल्या 14 बिऱ्हाडांनी अनेक वर्षे कसा विरोध केला, त्याची ही नोंद आहे. काही बाबी अजून मिटायच्या आहेत आणि माणसे त्याच गल्लीत राहतात, म्हणून वाड्याचे, मालकांचे, बिल्डरचे आणि भाडेकरूंचे नाव येथे दिलेले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा विरोध यशस्वी झालेला दिसतो आणि बऱ्याच अंशी तो तसा आहेही. तरीही वाड्यातली सर्वांत दुबळी माणसे या लढ्याच्या ओघातच बाहेर पडली. त्यांना कोणी दुष्टपणे काढले नाही. ज्या कागदांच्या आधारे बाकीचे टिकले, त्या कागदांत त्यांना जागा नव्हती.

1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि राजवाड्याच्या अवतीभवती दरबारातली कारकून, मानकरी, पुजारी, वैद्य अशी मराठी मंडळी वसत गेली. हा वाडा त्याच वस्तीतला, मात्र बराच नंतरचा. दगडी जोते, सागवानी खांब, मधोमध चौक, चौकात विहीर आणि रस्त्याच्या बाजूला तीन दुकाने, अशी त्याची रचना. मूळ कुटुंब स्वातंत्र्यानंतर हळूहळू पांगले. वारस पुण्याला, बंगळुरूला आणि परदेशात गेले आणि खोल्या एकेक करून भाड्याने लागत गेल्या. 14 बिऱ्हाडांपैकी 9 मराठी होती, बाकीची माळवी. दुकानांपैकी एक बोहरा कुटुंबाकडे, आजोबांच्या काळापासून. भाडी इतकी जुनी होती की, काही पावत्यांवरची महिन्याची रक्कम आज सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, एका माणसाच्या खाण्यालाही पुरणार नाही. मालकाच्या बाजूने पाहिले तर ही परिस्थिती अन्यायाचीच होती, आणि भाडेकरूंपैकी जाणती माणसे ते मोकळेपणाने कबूल करत.

वाड्यातले सहजीवन म्हटले की आरती, फराळ आणि अंगणातल्या गप्पा डोळ्यांसमोर येतात. ते सगळे येथेही होते. पण माणसांना एकमेकांशी खरे बांधून ठेवले होते ते पाण्याने. इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 पासून येते, सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून वर उपसून, आणि शहराच्या बहुतेक भागांत ते एक दिवसाआड सुटते. वाड्यात नळ एकच, चौकातल्या विहिरीच्या कट्ट्याजवळ. पाण्याच्या दिवशी पहाटे कोणी आधी भरायचे, कोणाकडे आजारी माणूस आहे, कोण गावाला गेले असून त्याच्या वाटणीचे पाणी कोणाला द्यायचे, याचा हिशेब तळमजल्यावरच्या एका काकूंकडे असे. त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. मोटार बिघडली की वर्गणी त्याच वहीत लिहिली जाई आणि गणपतीचा जमाखर्चही वहीच्या मागच्या पानांवरून सुरू होई. पुढे वकिलाची फी गोळा करण्याची वेळ आली तेव्हा नवी समिती नेमावी लागली नाही, कारण कोण देऊ शकतो, कोण उशिरा देतो आणि कोणाकडे मागूच नये, हे त्या वहीला ठाऊक होते.

याच वाड्यात मागच्या बाजूला दोन सामाईक संडास होते, त्यांचा वरचा सज्जा कललेला होता आणि वरच्या मजल्यावरच्या सुनांना रात्री खाली उतरताना भीती वाटे. सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात राहायला गेलेले नातेवाईक सणावारी येत तेव्हा "अजून इथेच?" हा प्रश्न ठरलेला असे. सगळ्यांनाच तिथे राहायचे होते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. जायचे तर आपल्या अटींवर आणि शक्यतो याच परिसरात, एवढ्यावर मात्र बहुतेकांचे एकमत होते.

पहिला धक्का बिल्डरने दिला नाही, तो रस्त्याने दिला. जानेवारी 2016 मध्ये इंदूरची निवड स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत झाली आणि राजवाड्याभोवतीचा जुना भाग या योजनेच्या केंद्रस्थानी आला. रस्ते रुंद करण्यासाठी निगमाने, म्हणजे इंदूरच्या महापालिकेने, मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, 1956 च्या कलम 305 चा आधार घेतला. रस्त्याची नियमित रेषा ठरवून त्या रेषेपुढचे बांधकाम मागे घ्यायला लावण्याचा अधिकार या कलमात आहे. वाड्याचा पुढचा ओटा गेला आणि तिन्ही दुकानांची जागा जवळजवळ निम्मी झाली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात रोख रकमेऐवजी वाढीव बांधकामाचा हक्क, म्हणजे जादा एफएआर, देण्याची पद्धत अशा कामांत वापरली जाते. हा हक्क जमीनमालकाचा असतो. ओट्यावर तीस वर्षे फुलांच्या वेण्या विकणाऱ्या बाईंना किंवा दुकानाची निम्मी जागा गमावलेल्या भाडेकरूला त्यात काहीच मिळत नाही. शिवाय या एफएआरमुळे जुन्या वाड्याची जमीन बिल्डरच्या दृष्टीने एका रात्रीत आधीपेक्षा मोलाची होते. रस्त्याच्या कामाने फक्त पुढची भिंत पाडली असे वाटत असले, तरी मागच्या 14 बिऱ्हाडांचे स्थान त्याच दिवशी डळमळीत झाले होते. ते कळायला दोनेक वर्षे गेली.

इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. याच शहरासाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल सादर केला होता. जुन्या गल्ल्या सरळ रेषेत कापून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. मोडकळीला आलेली तेवढीच घरे काढावीत, मोकळ्या जागा जोडाव्यात आणि बाकीची वस्ती तिच्या माणसांसह दुरुस्त करावी, अशी त्यांची रीत होती आणि तिला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. प्लेगच्या भीतीने शहर ग्रासलेले असताना दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरची घरे लोकांनी सर्वांत चांगली स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील, तिथूनच ती जाणार असे जाहीर केले आणि घरे झटपट साफ झाली. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराला या मिरवणुकीची आठवण करून देणे सोपे आहे. त्यांचा दुसरा अर्धा सल्ला, म्हणजे माणसे न हलवता घरे सुधारावीत हा, मात्र शंभर वर्षांत कोणत्याही योजनेत मुख्य कलम म्हणून आलेला मला दिसलेला नाही.

वारसांपैकी चौघांनी आपापले हिस्से एका बिल्डरला विकले. विक्रीची बातमी भाडेकरूंना नोटिशीने कळली नाही. संपत्तिकराच्या खात्यावरचे नाव बदलले आहे असे दुकानदारांपैकी एकाच्या लक्षात आले, तेव्हा ती समजली. त्यानंतर बिल्डरचा माणूस संध्याकाळी येऊ लागला, आणि सगळ्यांना एकत्र न भेटता एकेका दारात उभा राहू लागला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांना तो म्हणाला, "काकाजी, आप तो साइन कर दो, बाकी सब अपने आप आ जाएँगे." हेच वाक्य त्याने त्या आठवड्यात निदान पाच दारांत म्हटले होते. हे कळले ते पाण्याच्या दिवशी, नळावर. रकमा वेगवेगळ्या सांगितल्या गेल्या होत्या. ज्यांच्या घरी लग्न ठरले होते त्यांना जास्त आणि लगेच, ज्या घरात एकट्या म्हाताऱ्या होत्या तिथे कमी. नळावर रकमांची तुलना झाली नसती तर त्या महिन्यातच निम्म्या सह्या झाल्या असत्या, असे मला वाटते.

मध्य प्रदेशात अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा मुख्य कायदा म्हणजे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961. त्याच्या कलम 12 मध्ये सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला बाहेर काढण्याचा हुकूम मिळत नाही. विकत घेणाऱ्या नव्या मालकाला स्वतःच्या राहण्याच्या किंवा धंद्याच्या गरजेचे कारण पुढे करायचे असेल, तर खरेदीपासून एक वर्ष थांबावे लागते. वाड्यातल्या मंडळींनी पहिल्या नोटिशीला दिलेल्या उत्तराच्या मसुद्यात "आम्ही तुम्हाला मालक मानत नाही" असे ठणकावून लिहिले होते. वकिलांनी ते वाक्य खोडले, कारण मालकी नाकारणे हेच पुढे बेदखलीचे कारण म्हणून उभे राहू शकते. त्याऐवजी नव्या मालकाला भाडे मनीऑर्डरने पाठवले गेले. ते अपेक्षेप्रमाणे परत आले आणि परतीच्या पावत्या जपून ठेवल्या गेल्या.

या पावत्यांचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. वाड्यात राहणे आणि वाड्याचा भाडेकरू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांना कागद शोधताना कळले. एका घरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 1964 पासूनच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या निघाल्या. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण मालकाची सही आणि रक्कम शाबूत. दुसऱ्या घरात पावत्या आजोबांच्या नावावर होत्या आणि आजोबा जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, त्यामुळे मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि शपथपत्र जोडावे लागले. तिसऱ्या घरात पावती मुळीच नव्हती, कारण जुने मालक घरोब्यातले असल्यामुळे "पावती कसली मागता" म्हणत आणि मागणे वाईट दिसे. त्यांच्यासाठी जुनी वीजबिले, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेचे दाखले आणि मतदार यादीतली नावे गोळा झाली. पुढे दावे दाखल झाल्यावर थकबाकी समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत आणि त्यानंतर दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत न्यायालयात जमा करणे बंधनकारक होते. चुकले तर बचाव रद्द होऊ शकतो. सगळ्यांचे पैसे काकूंकडे 10 तारखेला जमत, त्यांच्या कालनिर्णयवर 15 च्या चौकटीला लाल वर्तुळ असे, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांची चलने एकत्र भरून येत. ज्या महिन्यात एका घरात बायपास झाली, त्या महिन्यात त्यांचे भाडे गणपतीच्या शिलकेतून भरले गेले. सभा, फलक आणि पार्षदांची (नगरसेवकांची) भेट हे सारे झाले, पण या प्रकरणात वाडा टिकला तो महिन्याच्या पंधरा तारखेमुळे.

बिल्डरपुढे सरळ मार्गही होता. इमारत पाडून नवी बांधायची आहे या कारणाखाली त्याला दावा करता आला असता. पण तो मार्ग निवडला तर न्यायालय नकाशा, अंदाजपत्रक आणि पैशाची तयारी पाहते. आणि कलम 18 नुसार भाडेकरूला नव्या बांधकामात परत यायचे आहे का, हे विचारून हुकुमात नोंदवते. परत यायचे आहे असे 14 जणांनी म्हटले असते तर बिल्डरचे गणितच बिघडले असते. म्हणून तो मार्ग बाजूला राहिला. दावे केले गेले ते थकबाकीचे आणि पोटभाडेकरू ठेवल्याचे. आणि त्याच सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, वाड्याच्या दारावर निगम अधिनियमाच्या कलम 310 ची नोटीस लागली : इमारत जर्जर आहे, जीविताला धोका आहे, खाली करावी.

जर्जर इमारतींची यादी निगम दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करतो आणि ती करायलाच हवी. जुन्या शहरात भिंती खरोखर पडतात आणि माणसे मरतात. अडचण अशी की, बेदखलीच्या खटल्यात जे सिद्ध करायला वर्षे लागतात ते या नोटिशीने आठवड्यात साधते. घर पडले की भाडेकरूचा हक्कही पडला, ही समजूत या प्रकरणात दोन्ही बाजूंना होती. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 मध्ये, महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरार संपत नाही, कारण भाडेकरूचा संबंध खालच्या जमिनीशीही असतो, असे स्पष्ट केले आहे. हा निर्णय वकिलांनी चौकात सगळ्यांसमोर मराठीत समजावून सांगितला, तेव्हा कित्येक दिवसांनी लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला. कागदावर हक्क राहतो हे खरे असले, तरी एकदा माणसे पांगल्यावर तो बजावायला कोण उरते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मंडळींनी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तज्ज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करून घेतली. अहवाल त्यांना पूर्णपणे सोयीचा नव्हता : मागचा सज्जा आणि संडासाकडची भिंत ताबडतोब उतरवावी, दोन खोल्या खाली कराव्यात, बाकीचा वाडा दुरुस्तीने राहण्याजोगा आहे. काहींना हा अहवाल दडवावा असे वाटले. शेवटी तो जसाच्या तसा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे ठेवला गेला, आणि माझ्या मते तिथेच प्रकरणाचे पारडे फिरले, कारण धोका मान्य करणाऱ्या माणसांचे उरलेले म्हणणेही विश्वासार्ह वाटते. भाडेकरूंना ऐकून पुन्हा पाहणी करावी, असा आदेश झाला. सज्जा उतरला, दोन बिऱ्हाडे समोरच्या बाजूच्या रिकाम्या खोल्यांत आली आणि बाकीचे जागेवर राहिले.

आता त्या दुबळ्या माणसांविषयी. 14 बिऱ्हाडांखेरीज वाड्यात आणखी चार ठिकाणी माणसे राहत होती : ओट्यावर वेण्या विकणाऱ्या, मूळच्या बऱ्हाणपूरच्या बाई, लग्नकार्यात स्वयंपाकाला जाणारे एक जोडपे, आणि दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले. हे सगळे कोणा ना कोणा भाडेकरूकडे पैसे देऊन राहत होते. म्हणजे कायद्याच्या भाषेत पोटभाडेकरू, आणि मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे हे मूळ भाडेकरूला बेदखल करण्याचे एक कारण आहे. दावा नेमका याच मुद्द्यावर होता. त्यामुळे वाड्याच्या फायलीत या माणसांचे अस्तित्व नाकारणे भाग होते. मुले लवकरच भंवरकुव्याकडे गेली. त्यांना शहरात खोल्या मिळतात. स्वयंपाकी जोडप्याला "कोणी विचारले तर पाहुणे आहोत म्हणा" असे सांगण्यात आले, आणि कोर्टाचा आयुक्त नेमून पाहणी होणार असे कळल्यावर त्यांना आठ दिवस दुसरीकडे राहायला सांगितले गेले. ते परत आलेच नाहीत. वेण्यावाल्या बाई बावीस वर्षे वाड्यात होत्या. त्यांचे नाव पाण्याच्या वहीत पहिल्या पाचांत होते, आणि शपथपत्रांत कुठेच नव्हते. काकूंनी त्यांना स्वतःकडे मोलकरीण म्हणून दाखवण्याचा मार्ग सुचवला. त्यावर बाई म्हणाल्या, "वहिनी, मी तुमच्याकडे कधी भांडी घासली नाहीत, आता कोर्टात कशाला घासू?" त्या पुढच्या महिन्यात बाणगंगेकडे भाचीच्या घरी गेल्या.

या निर्णयाबद्दल वाड्यात कोणी कोणाला दोष दिला नाही, आणि मलाही देता येत नाही. दुसरा मार्ग निवडला असता तर मूळ भाडेकरूही गेले असते. शेजार हा एकत्र असतो आणि कायदा माणसे एकेक करून मोजतो, एवढी तफावत ओलांडायला वाड्याकडे वही होती, डबा होता, वकील होते. ती तफावत सर्वांसाठी ओलांडता आली नाही, हेही नोंदवले पाहिजे, कारण अशा लढ्यांच्या कौतुकात हा भाग सहसा गाळला जातो.

दुकानदार आणि रहिवासी यांच्यातही फट पडली. दुकानदारांना बाजारातला दर्शनी भाग हवा होता. एकाने तो मिळण्याच्या अटीवर वेगळी बोलणी सुरू केली आणि काही महिने त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. राजवाड्याजवळच्या प्रस्तावित भुयारी मेट्रो स्थानकाला तिथल्या व्यापाऱ्यांनी विरोध सुरू केला तेव्हा तोच दुकानदार तिकडच्या सभांना जाऊ लागला, आणि सगळ्यांनी मिळून निवेदन कसे द्यायचे हे तिथे वाड्याच्या अनुभवावरून सांगू लागला. मग बोलणे आपोआप सुरू झाले. घराघरांत मुलांचे मत वेगळे होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने वडिलांना लिहिले की, लिफ्टची इमारत झाली तर आईच्या गुडघ्यांसाठी तेच बरे, आणि हे म्हणणे खोडता येण्याजोगे नव्हते.

तडजोड झाली ती दोन्ही बाजू थकल्यावर. बिल्डरचे व्याज वाढत होते आणि भाडेकरूंपैकी तिघांचे निधन झाले होते. नोंदणीकृत करारानुसार प्रत्येक मूळ भाडेकरूला नव्या इमारतीत ठरलेल्या चौरस फुटांची मालकी हक्काची सदनिका, बांधकामाच्या काळात पर्यायी घराचे भाडे, आणि मुदत ओलांडल्यास दरमहा भरपाई मिळायची आहे. पर्यायी भाड्यापोटी बँक हमी घेण्याचा आग्रह निवृत्त काकांनी धरला होता. दुकानदारांना तळमजल्यावर मागच्या बाजूला गाळे मिळाले, दर्शनी भाग बिल्डरकडे राहिला. विहीर बुजवू नये अशी मागणी होती; मंजूर नकाशात तिच्या जागी वाहनतळाचा उतार आहे. वेण्यावाल्या बाईंना तळमजल्यावर जिन्याखालची जागा विक्रीसाठी द्यावी, असे काकूंनी करारात घालायला सांगितले होते. बिल्डरने नकार दिला नाही, पण ती जागा इमारतीच्या भावी सोसायटीची असल्यामुळे सोसायटीने ठरवावे, असे लिहून घेतले. सोसायटी अजून नोंदलेली नाही.

नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च बिल्डरने जो अंदाजे सांगितला आहे, तो जुन्या वाड्यात कित्येकांच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त आहे. तो आकडा समजल्यावर तीन कुटुंबांनी, पाया खणला जाण्यापूर्वीच, आपल्या सदनिकेचा हक्क विकण्याची बोलणी सुरू केली. त्यातल्या एकांनी वकिलांकडे पुन्हा डबा उघडून जुन्या पावत्या परत मागितल्या. खरेदीदाराला मूळ हक्काचा पुरावा पाहायचा होता.